जुनी जोडी बघायला पावणं

लक्ष्मीपुरीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात आदितीनं डावा स्पीकर धरला आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी उजवा धरला.

"पावणं, सोडा. मी आधी धरलाय."

"तुम्ही डावा धरलाय," तो तरुण शांतपणे म्हणाला. "उजवा मी धरलाय."

"एकेक न्यायला ह्या काय देवळाबाहेरच्या चपला हाईत?"

त्यानं हात सोडला... सावकाश, लेकीची पाठवणी करावी तसा. त्याचं नाव सम्राट. शिरोलीच्या एका फौंड्रीत इंजिनिअर. "घरी माझी अशीच जोडी हाय, ह्याच वयाची," तो म्हणाला. "तिच्या पडद्याची कड बदललीय, आतलं जुनं कपॅसिटर काढून नवं टाकलंय. दोन्ही जोड्या शेजारी ठेवून एकदा ऐकायच्या हुत्या..."

बोलताना त्याचे डोळे फार मायाळू झाले होते. अडचण एवढीच, की ते स्पीकरकडं लागले होते.

आदितीनं नंबर दिला. स्पीकरपुरताच – असं तिनं रिक्षा घरी पोहोचेपर्यंत स्वतःला बजावलं.

त्याचा फोन आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. उचलला आईनं, प्रभावतीबाईंनी.

"मी सम्राट. रविवारी बघायला आलो तर चालंल का? आदितींना म्हाईत हाय."

प्रभावतीबाईंना ओट्याचा आधार घ्यावा लागला. लेकीनं आजवर आलेलं एकूण एक स्थळ परतवलं होतं. कोडोलीचा डॉक्टर तर निव्वळ चहाचा फुर्र आवाज करतो म्हणून गेला. आणि आता हिला 'म्हाईत हाय'!

"रविवारी सम्राट यायचाय," आई जपून म्हणाली. "बघायला."

"येऊ दे की," केस पुसत आदिती म्हणाली. "चांगला दिवसभर बसू दे."

आई तडक मंदिरात जाऊन आली.

रविवारी हुपरीची मावशी नव्या पैंजणांची डबी घेऊन हजर झाली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, इस्त्रीचा शर्ट घातला. चातुर्मास असल्यामुळं कांदेपोह्यांतला कांदा वगळला होता. हेतू तेवढा शिल्लक होता. बशा मांडलेल्या बघून आदितीच्या डोक्यात प्रकाश पडायला आणि दारावरची बेल वाजायला एकच गाठ पडली.

"आई... अगं, ते तसलं बघायला न्हवं—"

"गप उभी ऱ्हा," मावशीनं तिचं मनगट धरलं. चांदीच्या साखळ्या वळून घडलेला हात होता तो. सुटका नव्हती.

दारात सम्राट नखशिखांत भिजलेला. रेनकोट होता, पण तो दोन खोक्यांना घातला होता.

"पहिल्याच भेटीला एवढं कशाला आणायचं!" फळांच्या पेट्या समजून अण्णा म्हणाले.

"न आणून कसं चालंल?" सम्राट म्हणाला आणि बसला. आदितीची जोडी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती. त्याची नजर तिकडं गेली आणि तिथंच राहिली. दाराआड आदिती उभी असल्यामुळं अण्णा संतोषानं खाकरले.

"मग? कशी वाटली आमची?"

"देखणी हाय," सम्राट मनापासून म्हणाला. "वय झालंय थोडं, पण चालतंय."

मावशीची पकड घट्ट झाली.

"जरा वर गेलं की आवाज चिरकत असंल बघा."

"ते खरं हाय," प्रभावतीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याकडं आधीची एक हाय," सम्राट पोहे खात म्हणाला. "दोघींना शेजारी ठेवून बघतो. ही चांगली निघाली तर ती काढून टाकतो."

अण्णा उभे राहिले. "आधीची एक हाय?"

"स्पीकर!" आदिती मनगट हिसकून बाहेर आली. "अण्णा, ते स्पीकरचं बोलत्यात! जोडी, जोडी... स्पीकरची!"

अण्णांनी खोक्यांवरचा रेनकोट वर करून बघितलं.

"म्हंजे," अण्णा एकेक शब्द तोलत म्हणाले, "तुम्ही हितं खोकी बघायला आलाय?"

 आदितीची लाज तर गेलीच होती, पण आता हा माणूस 'व्हय' म्हणाला तर त्याहून काहीतरी जास्त जाणार होतं. काय, ते तिला त्याच क्षणी कळलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

सम्राट कानापर्यंत लाल झाला होता. "आधी वाजवून दाखवतो," तो म्हणाला. "मग सांगतो."

आता कपाळ आपटायला भिंत कुठली निवडावी, एवढाच प्रश्न आदितीपुढं उरला.

त्यानं तारा जोडल्या. एकच गाणं आधी तिच्या जोडीवर वाजवलं, मग त्याच्या. मावशीलासुद्धा फरक कळला. "पावण्यांचीच भरीव हाय की!"

"ते मला दुकानातच कळलं हुतं," सम्राट म्हणाला. "ह्यांच्या उजव्याचा पडदा फाटलाय."

"म्हाईत हुतं?" आदिती कडाडली. "मग एवढ्या पावसात खोकी उचलून आलात कशाला?"

"दुसरं काय कारण सांगून फोन करणार हुतो?"

हे बोलताना तो पहिल्यांदाच स्पीकरकडं बघत नव्हता. डोळे मात्र तेच, मायाळू... तिनं उगाचच पदर सारखा केला. ड्रेस घातलाय हे नंतर लक्षात आलं.

"आणि फाटका माल मला घेऊ दिलात?"

"मी घेतला असता, तर तुम्ही नंबर दिला असता?"

आदिती आणखीच चिडली.  "आता दुरुस्त कोण करणार तो?"

"मीच की. हितं येऊन करीन."

"किती वेळ लागंल?"

सम्राटनं उजव्या खोक्यावर हात ठेवला, थोडा विचार केला. "नीट करायचं म्हटलं तर..." तो हळू आवाजात म्हणाला, "जन्म जाईल बघा."

गाणं चालूच होतं. आदिती स्वतःहून पोह्यांचं पातेलं घेऊन आली – ह्या घराच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. तिनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले, डोंगराएवढे, आणि खाली बघत हसली.

"जन्म कशाला?" अण्णा वैतागून म्हणाले. "जरा पटापट हात चालवा की. तुळशीचं लगीन झालं की मुहूर्त हाईत!"