लांब, आखूड

बाबांना तीन फुटांपलीकडचं दिसत नाही, हे तिच्याइतकं खात्रीने कुणाला ठाऊक असणार? डोळे तपासून चष्मे देणं हा तिचा धंदाच होता. गेल्या महिन्यात तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांनी चुकीचं सांगितलं होतं, आणि वर तक्ताच चुकीचा छापलाय म्हणून तिला सुनावलं होतं.

तरीही टेनिस क्लबाने लिहिलेल्या मानपत्रात 'अचूक नजर' चार वेळा आली होती. उद्या लाल मातीच्या पहिल्या कोर्टाला चॅम्पियनचं, म्हणजे बाबांचं, नाव द्यायचं होतं. आज दुपारी चारला रंगीत तालीम. बाबांची चाकाची खुर्ची बेसलाइनच्या मागे लावलेली. कोर्टाची देखभाल करणारे काका चटई ओढून, माती सारखी करून नुकतेच बाजूला झाले होते. सेक्रेटरी मानपत्र वाचत होते. गहिवर त्यांनी आदल्या दिवशीच तयार करून आणला असावा.

"'आणि युद्धातही या नजरेने एकदाही दगा दिला नाही.'"

"हे वाक्य काढा," ती म्हणाली.

"ताई, टाळ्या त्याच वाक्याला आहेत हो."

"राहू दे ते," बाबा म्हणाले.

युद्धात बाबा तोफखान्याचे निरीक्षक होते. रेषेवरचा चेंडू आत की बाहेर हे ज्याला पापणी न लवता कळतं, त्याला दुर्बीण आणि टेलिफोन देऊन टेकडीवर बसवावं, असं कुणा वरिष्ठाला सुचलं होतं. गोळा पलीकडे पडला की बाबा फोनवर सांगत, 'लांब.' अलीकडे पडला की 'आखूड.' पुढचा मग त्या दोहोंच्या मधोमध, आणि तो लागला की 'बरोबर.' एका दुपारी त्या मधोमध आपल्याच माणसांचा खंदक निघाला. त्यात मामा होता. आईचा सख्खा भाऊ, बाबांचा दुहेरीतला जोडीदार. गोळा बरोबर पडला, खंदक चुकीच्या जागी होता, असा अहवाल बाबांनी दिला. पुढे चाळीस वर्षं आईने त्यांच्याकडे एकच शब्द मागितला, 'चुकलं.' तेवढ्या काळात त्यांनी सात अजिंक्यपदं घरात आणली. तो शब्द काही आणला नाही. आई गेली.

तो शब्द काढून घेतल्याशिवाय आज इथून हलायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"मातीवर वाद झाला की पंच खाली उतरून चेंडूची खूण बघतो ना, बाबा? तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या खुणा बघितल्यात. खंदकाची बघायला गेलात कधी?"

"खंदक नकाशात नव्हता."

"मामा होता ना त्यात."

"तिथे कोणी असायलाच नको होतं."

आपला हात उठेल, या भीतीने ती तरातरा कोर्टात चालत गेली आणि नेटला धरून उभी राहिली. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि बापावर हात उगारायला निघालेली.

मागून बाबांचा आवाज आला. "लांब."

त्यांची उजवी मूठ फोन धरल्यासारखी कानाशी होती.

नेटपलीकडच्या बेसलाइनच्याही पुढे मातीत एक खूण होती. अंड्याएवढी. चेंडू नव्हता, आवाजही झाला नव्हता.

"आत्ता तर चटई फिरवली," काका कुरकुरले.

"आखूड."

ही खूण बाबांच्या पायांपासून हातभरावर. बोट जाईल इतकी खोल. काका कुरकुरायचे थांबले.

"लांब."

पलीकडच्या अर्ध्यात, नेटकडे बरीच सरकून. मूठ जाईल एवढी.

"आखूड."

अलीकडच्या अर्ध्यात, तेवढ्याच अंतरावर. हिशेब तिला उमगला. मधोमध ती होती.

दोन पावलं बाजूला झालं असतं तरी भागलं असतं. तिने टाचा मातीत रोवल्या.

"बाबा, इथे मी आहे."

त्यांनी मान किंचित वळवली. पांढरट पडलेले ते डोळे थेट तिच्यावर येऊन थांबले.

"दिसतेस," ते म्हणाले.

"मग चुकलं म्हणा. म्हणा, आणि थांबवा हे."

"साहेब, मूठ कानाला लावून कुणाशी बोलताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाबांनी मूठ तोंडापाशी नेली. तो शब्द ओठांवर आलेला तिने पाहिला, अगदी स्पष्ट पाहिला. मग त्यांनी तो गिळला.

"बरोबर," ते म्हणाले.

काहीच झालं नाही.

तिने खाली पाहिलं. पायाशी खड्डा नव्हता, ओरखडाही नव्हता. तिला हसू फुटलं. म्हातारा शेवटी चुकला.

काका चटई ओढत तिच्याच दिशेने आले. "थांबा काका, सरकते," ती म्हणाली. ते थांबले नाहीत. ती सरकायच्या आत चटई तिच्या पायांतून पार झाली. मागे माती एकसारखी होती. बुटांचे ठसेदेखील नव्हते.

"साहेब," सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं, "उद्या पहिल्या रांगेत घरच्यांसाठी खुर्च्या किती ठेवू?"

"बायको होती. ती गेली."

"आणि मूलबाळ?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. डोळ्याला डोळा भिडवून, बराच वेळ.

"नाही," ते म्हणाले, आणि सेक्रेटरींनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.