बगीच्याच्या जागेचा पंचनामा

गजाननाने गॅसची शेगडी उचलली तेव्हा तिच्यावरचं दूध अजून कोमट होतं. पातेलं त्याने जपून खाली ठेवलं, कारण दूध आईचं होतं आणि शेगडी त्याची.

"सर्व्हेअर साहेब," तो थोरल्या भावाला, रघुनाथाला म्हणाला, "बगीचा झाला की कळवा. तिकीट काढून येऊ."

१९८७ सालच्या त्या सकाळी गजानन बायकोला घेऊन राखोलीला कारखान्याच्या खोलीत राहायला गेला, आणि रघुनाथाच्या अंतःकरणात जे विदीर्ण झालं, ते त्याने शर्टाची बटणं लावत आतच ठेवलं... साडेनऊचं ऑफिस होतं.

अपराध असा. सिल्व्हासा वाढत होतं. पुढच्या वीस वर्षांत माणसं किती होतील याचा सरकारने अंदाज बांधला होता, आणि त्यांना कधीतरी हिरवळीवर बसावंसं वाटेल असंही गृहीत धरलं होतं. बगीच्यासाठी तीन जागा निघाल्या. पहिली दमणगंगेकाठची, रमणीय. फक्त पावसाळ्यात ती नदीतच असे. दुसरी ट्रकच्या रस्त्यापलीकडची, स्वस्त. तिसरी सामरवरणीच्या वाटेवरची, सपाट, वस्तीला लागून, सर्वार्थाने योग्य. दोष एवढाच की ती रघुनाथाच्या आईची, मालतीबाईंची होती. त्या जागेवर गजानन कामगारांसाठी आठ खोल्या बांधणार होता. त्यांचा नकाशा खिशात घेऊनच तो जेवायला बसायचा.

जागेवर बगीच्याचं आरक्षण पडलं. आता तिथे वीट ठेवता येणार नव्हती, आणि सरकार जागा विकत कधी घेणार, ते सरकारलाही ठाऊक नव्हतं. हरकतीसाठी तीस दिवसांची नोटीस घरी आली होती. हरकत गेली नाही. रघुनाथ मोजणी खात्यात नोकरीला. नोटीस कुणी दडपली, हे ठरवायला गजाननाला फार विचार करावा लागला नाही.

रघुनाथ बोलला नाही. नऊ वर्षं दर दिवाळीला त्याच्या बायकोने, सुवर्णाने, राखोलीला फराळाचा डबा पाठवला, आणि तो धुऊनपुसून रिकामा परत आला... ज्या घरात शेजारणीची वाटीसुद्धा साखर घातल्याशिवाय परत जात नसे, त्या घरातल्या मुलाकडून! मध्यंतरी आई गेली. दोघांनी खांदा दिला, एकाने पुढून, एकाने मागून.

१९९६ मध्ये सरकारला खरेदी सुचली. ताब्याआधी जागेवर पंचनामा, दोन्ही वारस हजर. कारकून वाळूभाऊ चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. वारसांमध्ये काही वाद आहे का, असं त्यांनी विचारलं. दोघे भाऊ दोन दिशांना पाहू लागले, तेव्हा तो रकाना कोरा सोडून ते फाइलमधला एकेक कागद मोठ्याने वाचू लागले. जबाब शब्दशः घ्यावा आणि शब्दशः वाचावा, एवढंच वाळूभाऊंचं तत्त्वज्ञान होतं.

"'मी मालती, जमिनीची मालक, स्वतः कचेरीत येऊन सांगते की माझी हरकत नाही. जागा घरची म्हणून थोरल्या मुलाने मोजणी दुसऱ्याकडे द्यायला लावली. त्याचा दोष नाही. शेजारच्या सोनीचा पाय रस्त्यावर खेळताना ट्रकखाली गेला. पोरांना जागा पाहिजे. धाकट्याच्या खोल्या राहून जातील, तो मला तोडून जाईल, म्हणून हे त्याला कळू नये. थोरल्याला मी शपथ घातली आहे.'"

वाळूभाऊंनी पान उलटलं. धाकटा समोरच उभा होता.

गजानन बराच वेळ चिंचेकडे पाहत राहिला. चिंचेवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला. नऊ वर्षांनी म्हणाला. "माय जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा तरी सांगायचंस."

"शपथेला मुदत नव्हती."

"चोर समजलो रे मी तुला..."

"तिला समजला असतास, त्यापेक्षा बरं." एवढं म्हणून रघुनाथाने चष्मा पुसायला काढला आणि परत घालायचा विसरला.

गजाननाने बगीच्याचं फाटक कुठल्या बाजूला, ते विचारलं. वस्तीकडे, रघुनाथ म्हणाला. ट्रकच्या रस्त्याकडे भिंत. गजाननाने मान हलवली आणि पेन भावाच्या हातात दिलं.

"आधी तू. थोरला आहेस."

सह्या झाल्या. वाळूभाऊंनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. वाद?

"वाद नाही," गजानन म्हणाला. मग, "वहिनीचे नऊ डबे रिकामे धाडलेत मी. ते भरून द्यायचेत."

वाळूभाऊंनी शब्दशः लिहून घेतलं. सरकारी दप्तरात त्या बगीच्याच्या कागदावर आजही तसंच आहे : वारसांमध्ये वाद नाही. नऊ डबे भरून देणे बाकी.