पहाटेचं गरम इंजिन

आम्ही कोराडीला राहायला गेलो तो एकोणऐंशीचा हिवाळा. मी वीज केंद्रात बॉयलरवर फिटर होतो. माझ्या बायकोचे, मनकर्णाचे, दिवस भरत आले होते, आणि बाळंतपण करणाऱ्या शोभाताई नर्स राहायच्या कामठीला. पहाटे बस नसायची. म्हणून नागपूरच्या सदरमधल्या ताराचंद मिस्त्रीकडून मी एक जुनी मोटरसायकल घेतली. दिवसा तिला अर्धी किक पुरायची. पहाटे मात्र ती काही केल्या सुरू होत नसे.

सकाळच्या पाळीला निघताना अंगण धुक्यानं भरलेलं असायचं. त्या धुक्यातून वीज केंद्राच्या चिमणीची राख हलकेच उतरत राहायची. मी चोक ओढून किक मारायचो. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. शेवटी गाडी तिथंच सोडून मी पायी पाळी गाठायचो.

"ऐन टायमावर अशीच बसली तं?" मनकर्णा दारातून विचारायची.

"थंडीनं आखडून राहिली वं. होईन ठीक," मी म्हणायचो. पण जीव टांगणीला लागलेला असायचा.

ताराचंद म्हणाला, "देवरावजी, गाडी एकदम मस्त हाय. ठंडीत चोक जादा देत जा." चोक जास्त दिला, तर ती आणखीच बसली.

एका सुटीच्या पहाटे मी शोध घ्यायचाच ठरवलं. पेट्रोल येत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवला नि किक मारली, तर निळी ठिणगी उडाली. कार्बोरेटर आदल्या दिवशीच साफ केलेला. प्लग तेवढा पेट्रोलनं चिंब भिजला होता. म्हणजे पेट्रोल जास्त होत होतं. थंड इंजिनाला जादा पेट्रोलसाठी चोक लागतोच. चोकनं गाडी अशी पेट्रोलात बुडते ती इंजिन आधीच तापलेलं असलं तर. मी लोकरी हातमोजे उतरवले आणि सिलिंडरला हात लावला.

चटका बसला.

गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी होती. सीटवर राखेचा थर, बोट टेकलं तर उमटेल असा. चाकांपुढची राखही मोडली नव्हती. आणि आत इंजिनाचा धातू मात्र निवत होता, लांबचा पल्ला मारून आल्यासारखा... टिक... टिक...

मनकर्णा शाल ओढून बाहेर आली. तिनंही हात लावून पाहिला.

"अहो... हे कुठून आली?"

"कुठूनच नाही. रातभर इथंच होती."

भीती वाटायला हवी होती. पण देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर माणसाचा आवाज आपोआप बारीक होतो, तसे आम्ही दोघं हळू बोलायला लागलो. बॉयलरवर काम करणारा माणूस मी. जाळल्याशिवाय उष्णता येत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि टाकीतलं पेट्रोल थेंबभरही कमी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून गाडी पडवीत आणून साखळदंडानं खांबाला बांधली. तरी पहाटे इंजिन गरमच. चोक देणं मी सोडून दिलं. पहिल्याच किकला ती सुरू व्हायला लागली. सुरू करताना मी नकळत हात जोडायचो.

मग एका पहाटे मनकर्णाला कळा सुटल्या. शेजारच्या रंभाबाई येऊन तिचा हात धरून बसल्या. "जा गा, उशीर नको करू," म्हणाल्या. मी निघालो. वाटेत धुकं इतकं होतं की दिव्याचा उजेड पुढच्या चाकाशीच विरघळत होता. तरी गाडी कुठं अडखळली नाही.

कामठीत शोभाताई बॅग घेऊन फाटकाबाहेर उभ्याच होत्या.

"तुम्ही... तयार कशा?"

"काहून? आत्ताच तं सांगून गेले न भाऊ तुम्ही. हेच गाडी होती."

"मी?"

"अंधारात तुमचं तोंड नाही दिसलं. मागे बसलेली बाईच कंदिलाजवळ येऊन बोलली. लवकर निघा म्हणे, नाळ गळ्याभोवती हाय."

शोभाताई मागे बसल्या आणि आम्ही परत फिरलो.

घरात शिरताच मनकर्णाला पहिल्यांदाच पाहून शोभाताई उंबरठ्यावर थबकल्या. मग पदर खोचून कामाला लागल्या. उजाडताना मुलगी झाली. नाळेचा वेढा खरंच गळ्याभोवती होता. आधी निळी, मग लाल होत ती रडली आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

हात धुऊन शोभाताई पडवीत आल्या.

"भाऊ... ते बाई हेच होती. तुमची मनकर्णा."

रंभाबाई मागेच उभ्या होत्या. "ताई, काय बोलता? मी तिचा हात सोडला नाही... एक घडीही नाही."

मी आत गेलो. खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी फुललेली, खोली ऊबदार. मनकर्णा लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. तिच्या कपाळावरचे केस मी मागे सारायला गेलो. ते वाऱ्यानं पार विस्कटलेले होते, बर्फासारखे गार, आणि प्रत्येक टोकाला दंवाचा बारीक थेंब लटकत होता.