चिंबोऱ्यानं जपलेलं इंजिन

'सागरगोटा' बोटीचं इंजिन वर्षभर कुणी जोरात पळवलं नव्हतं, तरी ते झिजलं होतं. आता बोला!

झाकण उघडून मोरेश्वर आजोबांनी कपाळाला हात लावला. जन्मभर जहाजांच्या इंजिनांशी झटापट केलेला माणूस, पण असं पाहून त्यांचाही जीव कळवळला. शेजारी त्यांची नात निहिरा वाकून बघत होती. ही बोट समुद्रावरच्या तरंगत्या गावांना औषधं पोचवायची. एकदा तरी तिच्यातून जावं म्हणून निहिरा झुरत होती. पण तिला कावीळ होऊन गेल्यापासून आजोबांचं एकच पालुपद, "तुला जपायला हवं!"

"चिंबोऱ्या, काय करून ठेवलंस हे?" आजोबा कडाडले.

चिंबोरा म्हणजे बोट चालवणारा यंत्रमानव. खेकड्यासारखे हात पुष्कळ, म्हणून हे नाव. तो ओशाळून म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, इंजिनाला जप. म्हणून मी ते कायम हळूच चालवलं."

"मग झिजलं कसं?" निहिराला कळेना.

आजोबांनी बोटानं एक दांडा दाखवला. "हा कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला फिरता दांडा). उंचवटा फिरत आला की या रोलरला (छोट्या चाकाला) ढकलतो, मग इंजिनात हवा आणि इंधन शिरतं. दोघांच्या मध्ये तेल असतं. आता सांग, स्पीडबोट वेगात असली की काय होतं?"

"पाण्यावर उचलली जाते. हळू झाली की खाली बसते..." निहिरा थबकली. "अय्या! म्हणजे दांडा जोरात फिरला की तेल मध्ये ओढलं जातं. हळू फिरला की थर पातळ होतो आणि लोखंडाला लोखंड घासतं!"

"शाब्बास! शिवाय हळू चालणारं इंजिन नीट तापत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल तेलात उतरतं आणि तेलच पांचट होतं."

"मग मी करू तरी काय?" चिंबोऱ्यानं विचारलं.

"तेल गरम ठेव, वेळेवर बदल. आणि हळू जावं लागलं, तरी अधूनमधून त्याला चांगलं पळव. नुसतं हळू चालवणं म्हणजे जपणं नव्हे रे!"

"समजलं," चिंबोरा म्हणाला. "हा नियम निहिरालाही लागू का?"

आजोबांनी हात पुसले, निहिराकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं, पोरी," ते म्हणाले.

नवा कॅमशाफ्ट बसला. पहिल्याच खेपेला निहिरा बोटीत होती.

"जपून गं!" आजोबा धक्क्यावरून ओरडले.

"चिंबोऱ्या, ऐकलंस ना?" निहिरा खिदळली. "पळव!"