टाक्यातल्या गोगलगायी

हे खरं घडलं आहे.

लिहावं की नाही, या विचारात माझा अख्खा हिवाळा गेला. मी वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस. तुम्ही म्हणाल, पुस्तकं डोक्यात गेली. तसं असतं तर किती बरं झालं असतं!

जूनची अखेर होती, संत पेद्रोचा सण. आमचं गाव पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. खाली बंदर, वर टेकडीवर मूरांचा, म्हणजे जुन्या मुसलमानी राजवटीतला, किल्ला. सणाला सगळं गाव होड्यांची मिरवणूक बघायला बंदरावर जातं. किल्ल्यावर चिटपाखरू नसतं.

म्हणूनच माझी थोरली बहीण ओतीलिया त्या दुपारी वर निघाली. गोगलगायी वेचायला.

उन्हाळ्यात आमच्याकडे त्या घरोघरी शिजतात. बडीशेपेच्या वाळक्या काड्यांना झुपक्यांनी चिकटलेल्या असतात. मला बघवतही नाहीत. पण ओतीलियाचे गुडघे दुखतात, आणि तिच्याशिवाय मला या जगात कोणी नाही. मी पिशवी धरायला गेलो. शेजारचा झेफरीनो, म्हातारा कोळी, सोबत आला.

"पंडित, तोंड असं का केलंय? गोगलगाय चावत नाही हो!"

"लहानपणी हा दुसऱ्याचा शेंबूड बघूनसुद्धा ओकायचा," ओतीलिया म्हणाली.

तटाबाहेरच्या काड्या कोणीतरी आधीच साफ केल्या होत्या. पिशवीचा तळही झाकेना. ओतीलिया सरळ आत शिरली. किल्ल्यातल्या पाण्याच्या भुयारी टाक्याकडे.

गावाची एक रीत आहे. टाक्यातल्या गोगलगायी वेचायच्या नाहीत. का, म्हणून विचारलं तर जुनी माणसं एवढंच सांगतात: त्या उपाशी राहत नाहीत. शिजवण्याआधी गोगलगायी जाळीच्या पिशवीत उपाशी टांगतात. पोटातली घाण निघून जाते, मगच खायच्या. टाक्यातल्या मात्र कधीच साफ होत नाहीत म्हणे.

"म्हाताऱ्यांच्या गप्पा!" ओतीलिया म्हणाली.

"आणि आपण कोण? कोवळी पोरं?" झेफरीनो हसला. पण तो वरच थांबला.

मी तिच्या मागून उतरलो. बंदरावरचा बँड इथपर्यंत ऐकू येत होता.

शेवटच्या पायरीखाली पाय टाकला... आणि बँड थांबला.

मी एक पायरी वर आलो. वाजत होता.

पुन्हा उतरलो. काहीच नाही.

टाकं कित्येक वर्षं कोरडं आहे. तरी वास आला... फुलदाणीत कुजलेल्या पाण्याचा. जिभेवर येऊन बसणारा.

विजेरी लावली. भिंत दिसेना, इतक्या गोगलगायी. ओल्या, एकीवर एक. ओतीलिया मुठींनी ओरबाडू लागली. हळूहळू खालचा गिलावा उघडा पडला.

गोगलगायी चुना खातात, हे मी वाचलं आहे. पण त्यांचे ओरखडे केसासारखे बारीक असतात. हे रुंद होते... माणसाच्या जिभेएवढे. सगळे एकाच उंचीवर. माझ्या तोंडाच्या उंचीवर.

आणि ते ओले होते.

"ओतीलिया, चल."

"थांब रे! पिशवी नीट धर."

पलीकडच्या अंधारातून आवाज आला. खर्र... खर्र...

मग थांबला. आम्ही ऐकतोय हे कळल्यासारखा.

मी तिचा दंड धरून तिला वर ओढत आणलं. पिशवी तिनं सोडली नाही.

आठवडाभर ती पिशवी स्वयंपाकघरात टांगलेली होती. खाली ताटली. रोज सकाळी ताटलीत पांढरा, आंबूस लगदा. तो थांबेचना. एकदा ताटली धुताना लगद्यात केस दिसला. काळा. मी बोटानं ओढला... तो येतच राहिला.

मी मोरीत ओकलो.

आमच्या घरात दोघांचेही केस पांढरे आहेत.

"ओतीलिया, फेकून दे त्या. पाया पडतो तुझ्या."

"एवढी चढण चढून आणल्यात, त्या फेकायला? धागा असेल पिशवीचा."

रविवारी तिनं त्या लसूण घालून शिजवल्या. झेफरीनोनं एक तोंडात टाकली आणि अंगणात जाऊन थुंकला. "शी! निव्वळ चुना आहे हा!"

"तुझ्या जिभेला दारूशिवाय कसली चव कळते?" ती म्हणाली. टाचणीनं एकेक उपसून खात राहिली. पावानं ताटली पुसली. वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायली. हनुवटीवरून चिकट तार लोंबत होती...

तिनं ती पुसली नाही.

तिला काही झालं नाही. निदान डॉक्टर तसं म्हणतात. गुडघेही थांबले दुखायचे. फक्त जेवण कमी झालं आहे.

ऑगस्टमध्ये तिची चादर बदलताना मला पलंगालगतची भिंत दिसली. चुना गेला होता. रुंद, उथळ ओरखडे... उशीवर टेकलेल्या तोंडाच्या उंचीवर.

हात लावला. ओलं होतं.

ओल आली असेल. माझी नजर तरी कुठे धड आहे? मी तिला विचारलं नाही. काय विचारणार? आणि ती 'हो' म्हणाली असती, तर मी कुठे जाणार होतो?

तेव्हापासून ती बाहेर गेली की मी त्या भिंतीला चुना लावतो. तिला वास येऊ नये म्हणून खिडक्या उघड्या टाकतो. काही दिवसांत भिंत पुन्हा तशीच होते.

परवा मी चुना कालवत होतो. मान वर केली, तर ती दारात उभी होती. पावलं वाजली नव्हती. बराच वेळ ती बादलीकडे बघत राहिली. मग लहानपणी मला दूध संपवायला सांगायची, त्याच मायेनं म्हणाली,

"अबीलियो, या वेळी जरा जाड लाव रे."

मी लावला.

त्या भिंतीच्या पलीकडे माझा पलंग आहे.