पुढे बघा, मावशी

कुणाला भीती वाटत असेल तर दिवा राहू दे चालू. आणि तू, तो मोबाइल खिशात घाल. मी सांगतोय ते माझ्या चांगल्या ओळखीतल्या माणसाच्या बाबतीत घडलंय. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्या माणसाकडे नाही.

तो खरबुजं पिकवायचा. कष्टाला वाघ, पण डोकं कायम तापलेलं. मे महिन्यातला दुसरा शनिवार होता. रविवारी शेतकरी बाजार, म्हणून संध्याकाळी टेम्पोत क्रेट भरून तो निघाला. हंगामातला शेवटचा तोडा होता. मेव्हण्याचं शहरात हार्डवेअरचं दुकान. तो वर्षभर मागे लागलेला, "दाजी, सोडा ते शेत. माझ्या काउंटरवर बसा, पंख्याखाली." बायकोनंही भावाची री ओढायला सुरुवात केली होती. शेवटी हा चिडून म्हणाला, "एवढा माल उठला नाही ना, तर येतो खिळे विकायला!" बोलून बसला खरा, पण रस्ताभर डोक्यात तेच. काउंटर, पंखा आणि मेव्हणा.

बाजार भरतो ते गाव जुनं, इतिहासातलं. दगडी वेस, दगडी चौक. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ताडपत्री बांधायची नाही. सगळी नियमांची कटकट. वेशीवर रखवालदारानं टेम्पो अडवला.

"गाडी आत जाणार नाही."

"गेल्या रविवारी तर गेली होती!"

"गेल्या रविवारी ही पाटी नव्हती."

आता पाटीशी काय भांडणार? रागारागात त्यानं क्रेट रस्त्यावरच उतरवायला घेतले. तेवढ्यात लसूणवाले तात्या आपली हातगाडी ढकलत आले. बाजारात दोघांच्या जागा शेजारी शेजारी. तात्यांनी न विचारताच दोन क्रेट गाडीवर चढवले.

"चिडल्यानं क्रेट हलका होतो का रे? धर तिकडून."

चौकात माल लावून होईपर्यंत रात्र झाली. तात्या लसणाच्या पोत्यांना टेकून आडवे झाले, तोंडावर पंचा घेतला आणि घोरायलाही लागले. याला कुठली झोप! मागचे दोन रविवार डोळ्यांसमोर येत होते. पर्यटक यायचे, खरबुजाशेजारी उभे राहून फोटो काढायचे, वास घ्यायचे, अंगठ्यानं दाबून बघायचे आणि हात पुसत निघून जायचे. त्या दाबण्यानं त्याचं पित्तच खवळायचं. दाबलेलं फळ दुपारपर्यंत मऊ पडतं, मग ते कोण घेणार? असल्या गिऱ्हाइकाला कटवायचं बाजारवाल्यांचं एक वाक्य असतं, "पुढे बघा." बाजारात दिवसातून शंभरदा म्हणतात. त्यात काही वावगं नाही.

रात्री दीडच्या सुमारास त्याला क्रेटपाशी हालचाल जाणवली. चांदणं स्वच्छ होतं. एक बाई उकिडवी बसली होती, डोक्यावरून काहीतरी पांघरलेलं. एक खरबूज तिनं नाकापाशी नेलं, देठाच्या उलट्या बाजूला अंगठा दाबला आणि खाली ठेवलं.

"कच्चं."

"मावशी, बाजार सकाळी भरतो."

तिनं दुसरं उचललं. दाबलं.

"कच्चं."

हा ताडकन उठून बसला. "अहो, कच्चं काय? चौकभर वास सुटलाय! घ्यायचं नसेल तर हात लावू नका!"

"घ्यायचंय," ती म्हणाली. "एकच न्यायचंय. पण पिकलेलं."

आवाज अगदी साधा होता. तुमच्या-आमच्या घरातल्या बाईचा असतो तसा. तिसरं. चौथं. प्रत्येकाला नावं ठेवणं चालू. याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा हात धरून बाजूला करावा म्हणून तो पुढे सरकला आणि थांबला.

क्रेट एकावर एक रचलेले होते. वरचा एकही हलला नव्हता... आणि तिचा हात सगळ्यात खालच्या क्रेटमधल्या खरबुजावर होता.

"कच्चं."

त्याला ओरडायचं होतं. नजर तात्यांकडे वळली.

तात्यांचं घोरणं ऐकू येत होतं. तेवढाच आवाज चौकात.

मग तिनं त्याचा हात धरला. मनगटाच्या वर. वास घेतला... आणि अंगठा दाबला. जोर नव्हता. दुखलंही नाही. नुसतं गार.

ती थांबली. जरा वेळ विचार केल्यासारखी.

"हेही कच्चंच."

हात सुटला.

"दुसरं नाही?"

आणि याच्या तोंडून... सवयीनं म्हणा, वैतागानं म्हणा, भीतीनं म्हणा... निघून गेलं.

"पुढे बघा, मावशी."

ती उठली.

पुढे...

पुढे तात्या होते.

याला हलता येईना. वास घेतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग तीच बाई, समाधानानं...

"हं. हे झालंय."

घोरणं थांबलं.

उजाडल्यावर लोकांनी तात्यांना हलवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, वयही झालं होतं. लोक म्हणाले, त्रास न होता गेले, भाग्यवान. हा मात्र तात्यांना ज्या गाडीतून घरी नेलं तिच्यात चढून बसला, मालाकडे वळूनही पाहिलं नाही. खरबुजं दिवसभर चौकात उन्हात पडून होती. एकही उठलं नाही.

आता तो मेव्हण्याच्या काउंटरवर बसतो, पंख्याखाली. एखादी वस्तू दुकानात नसली तर काय म्हणायचं? "पुढच्या दुकानात बघा," संपलं. हा तसं म्हणत नाही. गिऱ्हाइकाला बसवतो आणि चप्पल घालून स्वतः चार दुकानं पालथी घालून ती वस्तू आणून देतो. मेव्हणा कपाळावर हात मारून घेतो. परवा त्याच्यावर ओरडलाही, "दाजी, तोंड उघडून दोन शब्द बोलायला काय होतं तुम्हाला?" हा तोवर चप्पल घालून निघालाही होता.

काय म्हणालास? स्वप्न पडलं असेल? मलाही तसंच वाटायचं. मागच्या महिन्यात त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. भर उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. जेवण झालं, हात धुवायला त्यानं बाही वर सारली. मनगटाच्या वर एक खळगा आहे. अंगठ्याएवढा, गुळगुळीत. त्यानं हात टॉवेलनं पुसला. पुन्हा एकदा पुसला, जरा चिडूनच.

खळग्यात पाणी तसंच होतं.