लाल रेघेच्या खाली

टिली त्या दिवशी दुकानात गेली ती बंदूक घ्यायला. साधं काम. आत्याचा मासे धुरवायचा खोपा खाडीच्या पार टोकाला, कयाकनं, म्हणजे निमुळत्या वल्ह्याच्या होडीनं, दीड दिवसाचा रस्ता. या वर्षी आत्याचा गुडघा गेला, म्हणून टिली एकटीच जाणार होती. सामन मासा नदीत चढायला लागला की त्याच्या मागं अस्वलंही येतात. हिवाळ्याचा मासा आण नाहीतर नको आणूस, पण बंदुकीशिवाय गेलीस तर तंगडं मोडीन, असं आत्यानं बजावलं होतं.

एकोणीस वर्षांची टिली म्हणजे गावाला ताप. बंदुकीचा पंप ओढल्याचा खट्-खटाक आवाज तोंडानं असा हुबेहूब काढायची, की मामेभाऊ लिरॉय एकदा संडासातनं चड्डी सावरत पळाला होता. याची फेड करीन, असं तो तेव्हापासून म्हणत होता.

दुकानदार ईनोककाकांनी तिला एका खोक्यावर पाय पसरून बसवलं, कयाकमध्ये बसतात तसं. हातात वल्हं दिलं. मग एकेक शॉटगन समोर ठेवून म्हणाले, उचल. पहिली लांब होती, ती वल्ह्यात अडकली. दुसरी छोटी, बिनदस्त्याची, नुसती मूठ असलेली. टिलीला तीच आवडली.

"ही भारी दिसते, काका."

"दिसते. मारलीस की तुझंच नाक फुटेल. खांद्याला काय टेकवणार, तोंड?"

"अस्वल बघूनच पळेल की. येऊ दे तर त्या ढेरपोट्याला."

शेगडीपाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी चहाचे पेले खाली ठेवले. काकांनी खिडकीतनं झाडीकडं पाहिलं.

"तो ऐकतो, पोरी. माफी माग."

टिलीनं माफी मागितली, पण फिदीफिदी हसत.

मग आतल्या खोलीतनं गोधडीत गुंडाळलेली एक बंदूक घेऊन आले. आखूड नळी, खाऱ्या पाण्यानं गंजू नये असा निकेलचा मुलामा. दस्ता लाकडी, करवतीनं चार बोटं कापलेला. टिलीनं बसल्या बसल्या उचलली, सुळकन खांद्याला आली. जणू तिच्याच मापानं कापली होती.

ती काकांच्या भावाची, सायलसची होती. चौदा वर्षांपूर्वी त्याच खाडीत त्याचा कयाक रिकामा सापडला होता. बंदूक वर दोरीनं बांधलेली होती, तशीच. सायलस मात्र अंगातल्या लोकरीच्या कोटासकट गायब. काकांनी ती आजवर कुणाला विकली नव्हती, आणि आताही विकत नव्हते, नुसती देत होते. अट एकच. पहिल्या जेवणाचा पहिला घास त्याचं नाव घेऊन विस्तवात टाकायचा.

"आणि काडतुसं बंदुकीच्या पोटात भरायची, नळीत नाही. पंप ओढला की तिथनं नळीत येतात. नळी रिकामी ठेव, नाहीतर लाटेच्या हिसक्यानं स्वतःलाच उडवशील."

तिनं चार भरली. काकांनी कयाक ढकलला. किती ओझं झालं ते कळावं म्हणून कडेनं रंगवलेली लाल रेघ पाण्याच्या चार बोटं वर होती.

खोप्यावर पोचल्यावर टिलीनं घास टाकला. तेवढं मात्र विसरली नाही. "सायलसकाका, जेवा," ती म्हणाली, "आणि झोपेत घोरू नका." विस्तव जरा फुरफुरला. चरबीचा मासा होता, फुरफुरणारच.

चार दिवस छान गेले. मासे चिरले, टांगले, धुरवले, कयाकमध्ये भरले. पाचव्या दिवशी सकाळी शेवटचं गाठोडं आणायला ती खोप्याकडं गेली. परतताना दोन्ही हात माशांनी भरणार, म्हणून बंदूक कयाकवरच बांधून ठेवली. आमच्याकडं मरणारे बहुतेक अशानंच मरतात.

गाठोडं घेऊन निघाली तेव्हा धुकं दुधासारखं होतं. आधी वास आला... ओल्या केसांचा, कुजक्या माशाचा. मग मागं खडी करकरली, ती वळली. अस्वल वीस पावलांवर उभं होतं. कयाक तिच्या पाठीमागं, तीस पावलांवर.

आत्यानं शिकवलं होतं, पळायचं नाही, बोलायचं. टिलीनं गाठोडं हळूच खाली ठेवलं.

"आजोबा... मी तुमची थट्टा केली. चुकले. मासा घ्या. मी जाते..."

अस्वल माशाकडं ढुंकूनही न बघता पुढं आलं. मान खाली, कान मागं. दहा पावलं... आठ...

आणि पाठीमागं, कयाकपाशी, आवाज झाला.

खट्... खटाक.

अगदी सावकाश. अस्वल थांबलं. मागच्या पायांवर उठलं. त्यानं टिलीकडं पाहिलंच नाही. तिच्या डोक्यावरनं, हातभर उंच कशाकडं तरी बघत राहिलं. मग त्यानं मान फिरवली आणि धुक्यात निघून गेलं.

टिलीचा जीव भांड्यात पडला. लिरॉयनं तिचाच आवाज काढून फेड केली, आणि काय वेळेवर केली! "लिरॉय, गाढवा, तुझे पाय धुऊन पाणी पिईन," ती रडत, हसत ओरडली. ती कयाकपाशी धावली. कयाकभोवती वाळूवर तिच्या एकटीच्याच पावलांच्या खुणा होत्या. बंदूक बांधलेली होती, तिनंच मारलेल्या गाठीनं.

गावात पोचली तर लिरॉय दुकानाच्या पायरीवर बसलेला. पाय प्लास्टरमध्ये, चार दिवसांपासून.

टिलीनं ईनोककाकांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, अस्वल बघत होतं ते किती उंच? तिनं हात वर करून दाखवलं. काकांनी बंदूक उघडली. पोटात तीन काडतुसं होती. चौथं नळीत, ओढून तयार.

"मी नाही ओढलं, काका."

"माहितीये." त्यांनी डोळे पुसले. "एवढा उंच तोच होता घरात. मला वाटायचं, कुठं गेला असेल..." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बंदूक तिलाच परत दिली.

मासे उतरवून झाले, आत्याचा हिवाळा भागला. कयाक पार रिकामा झाला. टिली एकटी त्यात बसली, पलीकडच्या धक्क्यावर न्यायला. परतीच्या वाटेवर तिनं प्रत्येक जेवणाचा पहिला घास विस्तवात टाकला होता, न हसता.

काका वरनं कयाकच्या कडेकडं बघत होते. टिलीनंही वाकून पाहिलं.

लाल रेघ पाण्याच्या चार बोटं खाली होती.

"थँक्यू, सायलसकाका," ती हळूच म्हणाली. मागनं ओल्या लोकरीचा वास आला... आणि तिनं वल्हं पाण्यात घालायच्या आधीच कयाक निघाला, धक्क्याकडं नाही, खाडीकडं.